ड्रीमवीव्हरची बाजू घेणाऱ्या अनामिकांना उत्तर

अनामिक, नमस्कार.

वेबसाइट बनवायला कोणता प्रोग्रॅम घ्यावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच झोंबरी आहे. पण लेख पूर्ण वाचून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचे मुख्य आक्षेप तीन. ड्रीमवीव्हर, म्हणजे फोटोशॉपवाल्या ॲडोबीचा वेबसाइट बनवायचा विकतचा प्रोग्रॅम, मी दोन ओळींत निकालात काढला. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर सुचवताना 'फुकट ते पौष्टिक' एवढाच निकष लावला. आणि ज्याला दुकानाची चार पानं हवी आहेत, त्याच्याही गळ्यात एचटीएमएल (पानं लिहायची कोडची भाषा) मारलं. शिवाय भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर काय टाकू, असं विचारलंय. त्याकडे शेवटी येतो.

आधी फुकटचं बघू. ब्रॅकेट्स हा एडिटर फुकट होता. ॲडोबीने २०२१ मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. ॲटम हा असाच एडिटर, तोही फुकट होता. गिटहबने तो डिसेंबर २०२२ मध्ये बंद केला. फुकटचे प्रोग्रॅम अमरपट्टा घेऊन आलेले नसतात, हे मलाही दिसतं. पण ॲटमवर काम करणाऱ्याने तेच फोल्डर दुसऱ्या एडिटरमध्ये उघडलं आणि काम पुढे चालू ठेवलं. फाइली साध्या मजकुराच्या होत्या, त्यांना ॲटमचं सोयरसुतक नव्हतं.

आता विकतचा ॲडोबी म्यूज घ्या. कोडला हात न लावता पानं मांडायची, दिसायला देखणी सोय. २०१८ मध्ये कंपनीने तो गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि २०२० मध्ये आधारही संपला. म्यूजमध्ये साठवलेली मूळ फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडत नाही. त्यातून बाहेर काढलेलं एचटीएमएल ब्राउझरमध्ये चालतं खरं, पण फोन नंबर बदलण्यापलीकडे त्यात काही करायला गेलात की डोकं धरून बसावं लागतं. म्हणून मी विचारतो तो प्रश्न असा: हा प्रोग्रॅम उद्या गेला, तर हातात काय उरेल? किंमत त्यानंतर.

आणि या प्रश्नावर तुमचा ड्रीमवीव्हर चक्क पास होतो! १९९७ मध्ये मॅक्रोमीडिया या त्याच्या मूळ कंपनीने तो आणला, तेव्हापासून त्याची ख्याती हीच, की हाताने लिहिलेल्या कोडची तो उगाच मोडतोड करत नाही. त्याच काळातला फ्रंटपेज हा वेबसाइट बनवायचा प्रोग्रॅम आठवून बघा. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये तो मूळ कंपनीसकट विकत घेतला. त्यातला हिट काउंटर (पान किती वेळा उघडलं ते मोजणारा आकडा), त्यातले फॉर्म चालायला सर्व्हरवर, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकावर, फ्रंटपेजची वेगळी एक्स्टेन्शन्स (जोड-प्रोग्रॅम) लागत. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्यांनी ती काढली आणि फॉर्म निमूटपणे मुके झाले. २००३ च्या आवृत्तीनंतर फ्रंटपेजही संपला.

ड्रीमवीव्हरची एक गोष्ट तर मी बिनशर्त मान्य करतो. दोनेकशे पानांच्या साध्या एचटीएमएल साइटवर एका फाइलचं नाव बदललं, की तो 'बाकीच्या पानांतले दुवेही बदलू का?' असं विचारतो. व्हीएस कोडमध्ये एचटीएमएलसाठी ही सोय आयती मिळत नाही, शोधून-बदलून करावं लागतं. तुमच्याकडे जुन्या ग्राहकांच्या अशा साइट असतील आणि फोटोशॉप वगैरेसाठी ॲडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड योजनेतलं सगळ्या प्रोग्रॅमचं भाडं तुम्ही भरतच असाल, तर ड्रीमवीव्हर त्यातच येतो. तो सोडायला मी कशाला सांगू? माझी शिफारस आज पाटी कोरी असलेल्यासाठी होती. त्याने फक्त एवढ्यासाठी दरमहा भाडं का भरावं, याचं कारण मला तुमच्या प्रतिक्रियेत सापडलं नाही.

ड्रीमवीव्हरमध्ये पान पडद्यावर 'जसं दिसतं तसंच बनतं' या तुमच्या मुद्द्यावर मात्र थोडं भांडणार आहे, कारण मराठी पानांच्या बाबतीत ते हमखास फसवतं. तुमच्या पडद्यावर मथळा सुरेख दिसतो, कारण तो फॉन्ट तुमच्या संगणकावर आहे. वाचणाऱ्याच्या फोनवर दुसराच फॉन्ट येतो. इंग्रजीच्या हिशेबाने ओळींची उंची घट्ट ठेवलेल्या टेम्प्लेटमध्ये (तयार साच्यात) वरच्या वेलांट्या आणि रफार छाटले जातात. अक्षरांमधलं अंतर जरा वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे दात दिसायला लागतात. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलं, तर ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात. नाही नोंदवलं तर हिंदी वळणाचे. हे सगळं सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) आणि एचटीएमएलच्या दोन-चार ओळींत सुटतं, पण त्या ओळी कुठे आहेत ते ठाऊक हवं. म्हणून थोडं एचटीएमएल शिका म्हटलं. शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी पानं आज उघडून बघा. फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच, रोमन अक्षरं होती. फॉन्ट गेला आणि मजकुराची खिचडी उरली.

दुकानदाराबद्दलचं तुमचं म्हणणं रास्त आहे. ज्याला स्वतः काही शिकायचं नाही, त्याने वर्डप्रेस (कोड न लिहिता साइट चालवायची प्रणाली) घ्यावं, असं लेखात एका ओळीत होतं. इथे जरा सविस्तर सांगतो. वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर वापरा, म्हणजे परिच्छेद, चित्र असे तुकडे एकाखाली एक रचायची सोय. त्यातला मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये साठतो, ब्लॉकच्या खुणा टिपणीसारख्या बाजूला राहतात. वरून एखादा पेज बिल्डर (पानाची मांडणी करून देणारा जोड-प्रोग्रॅम) चढवायचा मोह झाला, तर आधी चाचणीच्या साइटवर दोन पानं बनवा, मग तो बिल्डर बंद करून तीच पानं बघा. काहींचा नुसता मजकूर उरतो आणि मांडणी उडते. काहींच्या जागी चौकटी कंसांची रांग दिसते. जे दिसेल ते चालणार असेल तर खुशाल वापरा.

पानांचे आराखडे काढायच्या फिग्मा या प्रोग्रॅमबद्दल मी मऊ लिहिलं, हेही तुम्ही बरोबर पकडलंत. ॲडोबीने २०२२ मध्ये २० अब्ज डॉलरला तो घ्यायचा करार जाहीर केला. युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांपुढे डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा मोडला, आणि तोवर ॲडोबीचा त्याच कामाचा स्वतःचा एक्सडी बाजूला पडला होता. फिग्माची फाइलही बंदिस्तच, तेव्हा माझा निकष त्यालाही लागू. मी तो फक्त आराखड्यापुरता वापरतो. आराखडा हरवला तर पुन्हा काढता येतो. ज्यांना तेवढाही धोका नको, त्यांनी पेनपॉट बघावा. तोही आराखड्यांसाठीच आहे, मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला) आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येतो.

आता भाचा. व्हीएस कोडच्या पोटात आख्खा ब्राउझर असतो, त्यामुळे चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर तो धापा टाकेल. विंडोज असेल तर नोटपॅड प्लस प्लस हा हलका एडिटर द्या, लिनक्स असेल तर जीनी. फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत) साठते आहे ना, एवढं पहिल्याच दिवशी तपासा.

आणि तुमच्यासाठी एक. ड्रीमवीव्हरचं भाडं कधी थांबवायचं ठरलं, तर त्याआधी टेम्प्लेटवरून बनवलेली पानं 'डिटॅच फ्रॉम टेम्प्लेट' करून, म्हणजे साच्यापासून सुटी करून घ्या. पानं नाही केलं तरी चालतील, पण कोडमध्ये जागोजागी टेम्प्लेटच्या खुणा राहतात आणि पुढे काम हातात घेणारा त्यांना हात लावायला बिचकतो. मेनू सगळ्या पानांवरून एकदम बदलायची सोय तेव्हा जाईल. ती पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेच्या इन्क्लूडने (एकच मेनूची फाइल सगळ्या पानांत ओढणाऱ्या आज्ञेने) परत आणता येते. कसं ते हवं असेल तर खाली विचारा, नमुन्याच्या ओळी देतो.