जिन म्हणजे खवीस नव्हे

पैठण तालुक्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय: 'वेशीवरच्या चिंचेवर जिन आहे, म्हणजे मेलेल्या मुसलमानाचा आत्मा.' चिंचेवर वटवाघळं आहेत. सकाळी खाली पेरूचा चोथा पडलेला दिसतो. ते असो, पण जिनाचा अर्थ साफ चुकलाय. कुराणाप्रमाणे माणूस मातीचा, जिन धूर नसलेल्या आगीचे. म्हणजे जिन ही निर्मितीच वेगळी. मेलेला माणूस जिन होत नाही. कुराणातली 72वी सूरह, म्हणजे अध्याय, त्यांच्याच नावाची, 28 आयतींची, म्हणजे वचनांची. तीत काही जिन कुराण ऐकतात आणि ईमान आणतात, म्हणजे त्यावर श्रद्धा ठेवतात. आपल्यातही काही नेक, काही तसे नाहीत, हे तेच सांगतात. मेलेल्या मुसलमानाचं भूत म्हणजे आपल्या मराठी गोष्टींतला खवीस. शब्द तेवढा अरबी, 'खबीस'वरून आलेला. अर्थ दुष्ट, नापाक.