किडनीच्या स्टेंटबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

"किडनीची रक्तवाहिनी अरुंद झाली की स्टेंट टाका, बीपीची गोळी कायमची बंद" हा मेसेज परवा मीही ग्रुपवर टाकला होता, माझी चूक झाली, माफ करा. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून फुग्याने रक्तवाहिनी रुंद करतात आणि ती उघडी राहावी म्हणून स्टेंट (जाळीची बारीक नळी) बसवतात हे खरंय, पण चरबी साचून अरुंद झाली असेल तर बहुतेकांना गोळ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, २००९ चा अॅस्ट्रल (८०६ पेशंट) आणि २०१४ चा कोरल, दोन्ही ट्रायलमध्ये (पेशंटवर केलेल्या चाचण्यांमध्ये) हेच आलं. फुफ्फुसात अचानक पाणी भरणं, गोळ्यांनी न आटोक्यात येणारं बीपी, अशा काहींनाच डॉक्टर सुचवतात. आणि नंतरही गोळ्या बहुतेकदा चालूच राहतात, मनाने बंद केल्या तर स्ट्रोकचा धोका! प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका.