‘चार रेघोट्या’ मारणाऱ्यांच्या वतीने

नमस्कार. रणगाडा प्रत्यक्षात येण्याआधीच त्याचा आराखडा काढणाऱ्या लान्सलॉट डी मोल या ऑस्ट्रेलियन माणसावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. नाव दिलेलं नाही, म्हणून ‘महाशय’ म्हणतो. बाई असाल तर क्षमा असावी.

एक चूक आधीच कबूल. डी मोलने १९१२ साली आपला आराखडा ‘ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाला’ पाठवला, असं मी लिहिलं होतं. त्या काळी ते वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिश लष्कराचा कारभार पाहणारं खातं होतं. दुरुस्त केलंय, आभार. पण त्यासाठी ‘एवढंही ठाऊक नसेल तर लेखणी म्यान करा’ हे लिहायलाच हवं होतं का? दोन ओळींत सांगता आलं असतं. तुम्ही सांगितलंतही दोनच ओळींत, पण त्यातली एक टोमण्यावर खर्च केलीत.

आता तुमचं ते वाक्य. ‘कागदावर चार रेघोट्या मारणाऱ्याला संशोधक म्हणणं हा कारखान्यात हात काळे करणाऱ्यांचा अपमान आहे.’

रेघोट्या? हा ॲडलेडमध्ये जन्मलेला माणूस पेशाने ड्राफ्ट्समन होता. खाणी, सर्वेक्षण, अभियांत्रिकीची कामं यांत ऑस्ट्रेलियाभर फिरलेला. १९११ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात, जिथे अवजड गाडी चार पावलं धड चालत नाही अशा मुलखात काम करताना त्याला साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या चिलखती गाडीची कल्पना सुचली. नुसती सुचली नाही, त्याने ती काढली. सबंध गाडीभोवती फिरणारा पट्टा. आणि वळण्यासाठी तो पट्टाच डावी-उजवीकडे वाकवायची योजना! आता सोमच्या लढाईत, १५ सप्टेंबर १९१६ ला, जे रणगाडे प्रत्यक्ष उतरले ते आठवा. ती गाडी हाकायला आणि वळवायला आत चार माणसं राबायची. वळायला मदत म्हणून मागे दोन चाकं जोडली होती, ती कुचकामी ठरून थोड्याच काळात काढून टाकावी लागली. वळणाचा हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाने चार वर्षं आधी बोर्डावर घेतला होता. त्या रेघोट्या असतील तर महाशय, नकाशे, नीलप्रती, घराचे प्लॅन, सगळ्या रेघोट्याच. तुम्ही राहता त्या इमारतीच्याही.

मी हे ऐकीव सांगत नाही. बावीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली आहेत, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरच्या जमान्यात. एका जिगसाठी (काम चालू असताना सुटा भाग जागेवर धरणाऱ्या साधनासाठी) मी स्वतःच्या डोक्याने क्लॅम्प काढला होता, शिफ्ट संपल्यावर थांबून. साहेबांनी ‘बघू’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला. चार वर्षांनी बाहेरच्या एका सल्लागाराच्या फायलीतून जवळजवळ तोच क्लॅम्प आला आणि ट्रेसिंगला माझ्याच टेबलावर ठेवला गेला. कंपनीचं नाव घेत नाही, साहेब आता नाहीत. कुणी चोरला असंही म्हणत नाही. पण ते ट्रेसिंग करताना माझेही हात काळेच होते. शाईने. कारखान्यात हात काळे होणं म्हणजे काय, हे निनावी माणसाकडून शिकायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

राहिले बाकीचे मुद्दे. युद्धातल्या शोधांना बक्षिसं ठरवणाऱ्या १९१९ च्या ब्रिटिश शाही आयोगाने डी मोलला बक्षीस नाकारलं, कारण त्याच्या आराखड्यावरून रणगाडा बनल्याचं सिद्ध झालं नाही. बरं मग? प्रत्यक्ष रणगाडा घडवणाऱ्या ट्रिटन आणि विल्सन यांना मिळून १५,००० पौंड मिळाले, हेही मला ठाऊक आहे. पण त्याच आयोगाने डी मोलचा शोध अत्यंत प्रतिभाशाली आणि काही बाबतींत प्रत्यक्ष वापरलेल्या रणगाड्यापेक्षा सरस ठरवला. काळाच्या पुढे असणं हे त्याचं दुर्दैव, दोष नव्हे, असंही नमूद केलं. हे तुमच्या वाचनातून निसटलेलं दिसतं. रणगाडा चोरीला गेला, असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. (शीर्षकात ‘पळवलेला’ होतं, पण शीर्षक हे शीर्षक असतं, त्यावर काथ्याकूट नको.)

ऑस्ट्रियाच्या गुंथर बुर्स्टिन या लष्करी अधिकाऱ्याने १९११ मध्येच रणगाड्याचा आराखडा केला होता, हा तुमचा हुकमी एक्का. अहो, तोही कागदावरच राहिला ना? मग त्याच्या रेघा आणि आमच्या डी मोलच्या रेघोट्या, हा न्याय कुठला?

‘लेख उगाच हळवा आहे.’ असेल. ‘युद्धाआधी हा आराखडा जर्मन वाणिज्यदूताला वीक’ असं मित्र सांगत असताना डी मोल नाही म्हणाला. पुढे एक अष्टमांश आकाराची प्रतिकृती करवून घेतली, सैन्यात भरती होऊन ती इंग्लंडला नेली. तिथल्या समितीने तिची शिफारसही केली, पण पाठपुरावा होण्याआधीच याची रवानगी साधा सैनिक म्हणून फ्रान्सला झाली. हे लिहिताना कोरडं राहायला मी काही आयोग नाही.

‘लेख फार लांब’ यावर उत्तर देत नाही. वाचायची सक्ती नव्हती.

बुर्स्टिनवर लिहायचं मनात होतंच, आता लिहितोच. त्याचा आराखडा व्हिएन्नाच्या कुठल्या खात्याने नाकारला, त्याचं नेमकं नाव आधीच कळवलंत तर उपकार होतील. एका ओळीत. दुसरी नको.