खुणांच्या भाषेमुळे लेखन बिघडत नाही

‘कर्णबधिर मुलांना खुणांची भाषा शिकवली की ती अशुद्ध लिहू लागतात’ असा एक संदेश पालकांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याने मुलांचं खरोखर नुकसान होतं.

दुसरीतलं मूल लिहितं: ‘कुत्रा मुलगा चावला.’ दोष खुणांना दिला जातो. पण ‘ला’, ‘ने’, ‘चा’ हे प्रत्यय बोलण्यात इतके झटकन जातात की ओठांवरून ते निसटतात, श्रवणयंत्रातूनही अनेकदा पुसट येतात. जे पोचलंच नाही, ते वहीत कसं उतरणार? उलट कोण कुणाला चावलं हे खुणेत हाताच्या दिशेवरूनच कळतं. मुलाने आधी खुणेने सांगावं, मग मुलाने आणि मोठ्या माणसाने मिळून चित्राखाली ‘मुलाला’ लिहावं आणि त्यातल्या ‘ला’वर बोट ठेवून थांबावं. रोज, न कंटाळता.

हा गैरसमज जुना आहे. 1880 मध्ये इटलीतल्या मिलान इथे भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार करायचा ठराव केला. 2010 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे याच विषयावरच्या परिषदेत तो अधिकृतपणे नाकारला गेला. त्याआधीच, 1960 मध्ये, अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी खुणांच्या भाषेला स्वतःची रचना असल्याचं दाखवलं होतं.