‘नाचगाण्याची हौस’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरकडच्या अंगणवाड्यांत गोंडी गाण्यांवरून अक्षरओळख कशी करून देता येते, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, ‘आदिवासी लेकरांना नाचगाण्यात अडकवायची तुम्हा शहरी लोकांची हौस कधी फिटणार? सरळ बाराखडी शिकवा.’ लेखासोबतचा दंडारीचा, म्हणजे गोंडांच्या पारंपरिक नाचाचा, फोटो विषयाला सोडून होता, हे तुमचं म्हणणं मान्य. काढला तो. पण ज्या सुरात लिहिलंय, तो जिव्हारी लागला.

शहरी कोण हो? माझा जन्म मांडवीकडचा, घरात गोंडी. पहिलीत गुरुजी मराठीत विचारायचे, मी गप्प. मग ‘ढ’ म्हणून मागच्या रांगेत. बाराखडी मला तोंडपाठ होती, पण ‘क कमळाचा’ म्हणताना कमळ म्हणजे काय, हे ठाऊक नव्हतं. वर्ष गेलं त्यात. माझ्यासोबतच्या कितीतरी जणांनी तिथंच शाळा सोडली. त्यांच्या वतीनं बोलायला तुम्ही कोण?

लेख पुरता वाचला असता तर नाचाचा विषय निघालाच नसता. उंदी, रंड, मुंड, नालुंग, सय्युंग. ही एक ते पाच मोजणी गोंडी लेकरू घरूनच घेऊन येतं. ताई तीच तालावर म्हणून घेतात. ‘नालुंग’ला तीन टाळ्या : ना, लुं, ग. शब्दाचे असे तुकडे कानाला कळायला लागले की तेच शब्द मोठ्या देवनागरी अक्षरांत भिंतीवर लावायचे. लेकरू म्हणत म्हणत खालून बोट फिरवतं. बोट पुढं पळालं अन् तोंड मागं राहिलं की स्वतःच थांबतं, परत ‘उंदी’वर येतं. आवाज आणि अक्षर यांची जोडी जुळते ती तिथं. पुढं हाच ‘ना’ त्याला ‘नाक’मध्ये भेटतो आणि मराठी सुरू होते. नुसत्या बाराखडीत अक्षरही नवं आणि भाषाही परकी. चार वर्षांच्या जिवानं धरायचं कशाला?

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असं सांगणारं कलम ३५०-अ राज्यघटनेत १९५६ साली आलं. २०२० चं शैक्षणिक धोरणही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा स्थानिक भाषाच म्हणतं. तेव्हा ‘हौस’ हा शब्द मागं घ्या, एवढी माझी अपेक्षा आहे.

गोंडीला लिपी नाही म्हणालात. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये केलेली आहे, शेजारच्या आदिलाबादेत गुंजाला गोंडी ही दुसरी लिपीही आहे. तपासून लिहीत चला. आणि पुढच्या वेळी प्रतिक्रियेखाली नाव-गाव लिहा, म्हणजे कुणाशी बोलतोय ते तरी कळेल.