शर्ट आत खोचा, मामा

इंग्लंडमधल्या जुन्या खासगी गोल्फ क्लबात पाहुणा म्हणून जायचं तर खेळ आला नाही तरी भागतं, कपड्यांचं मात्र भागत नाही. लंडनच्या उत्तरेला राहणाऱ्या भाच्याला त्याच्या साहेबांनी "मामांनाही आण" म्हटलं आणि त्याची झोप उडाली.

"मामा, जीन्स नको. कॉलर हवीच. शर्ट आत खोचा. आणि ती माकडटोपी घरी ठेवा."

"अरे, पण वारं बघ केवढं आहे!"

"मामा, प्लीज."

क्लब म्हणजे कुणा उमरावाची गढीच. पहिल्या महायुद्धानंतर वारसाकर भरता भरता तिकडच्या भल्याभल्या घराण्यांचं कंबरडं मोडलं आणि त्यांच्या कितीतरी बागा गोल्फवाल्यांकडे गेल्या. समोर हिरवळ, मधूनमधून दोन-तीन शतकांचे ओक, आणि ती झाडं नेमकी आपला चेंडू जाणार तिथेच. मैदान हॅरी कोल्टने आखलेलं. हा गृहस्थ मुळात वकील. वकिलाने आखलं म्हटल्यावर पळवाट कुठून असणार?

पहिला फटका क्लबहाऊसच्या खिडक्यांसमोर मारायचा असतो. का, ते आखणाऱ्यालाच ठाऊक. मी काठी उचलली आणि सगळे गप्प झाले. आपल्याकडे गल्लीत बॅट धरली तरी चार जण सल्ले देतात, त्यामुळे निदान चुकण्याचं खापर फोडायला माणूस मिळतो. इथे माझ्या गुडघ्याचा 'कट्' आवाजसुद्धा सर्वांनी आदराने ऐकला. काठी फिरली, चेंडू तिथेच. हवेत मारलेला फटकाही हिशेबात धरतात, हे कळलं. "बॅड लक," साहेब म्हणाले. नशिबाचा यात काडीचाही संबंध नव्हता, पण माणूस सज्जन.

पुढचा चेंडू उंच गवतात गेला. शोधायला तीन मिनिटं. 2019 पूर्वी पाच मिळायची, पण मेलं सगळीकडेच कपात! आम्ही चौघं हळदीत कुणाची नथ हरवावी तसे वाकून गवत चिवडत होतो. मागे दोन आजीबाई शांतपणे थांबलेल्या. शेवटी त्यांनाच पुढे जायला सांगितलं. त्यातल्या एकीने कमरेच्या रुमालाने चेंडू पुसला, चष्मा सारखा केला आणि असा सणसणीत मारला की मला वाकून नमस्कार करावासा वाटला. नाहीतरी वाकलेलाच होतो.

काठीने गवताचा ढलपा निघाला की तो उचलून जागच्या जागी दाबायचा, अशी रीत. ती मी इतक्या वेळा पाळली की माळीकामाचा पगार मागायला हरकत नव्हती. मैदानात मुद्दाम ठेवलेल्या वाळूच्या खड्ड्यात उतरलं की बाहेर येताना पावलांच्या खुणा दाताळ्याने पुसायच्या. एका खड्ड्यात तर मी चेंडूपेक्षा वाळूच जास्त बाहेर काढली.

होल 108 मिलिमीटर रुंद. आकडा ऐकून बरं वाटलं, आपल्या जपमाळेत मणीही तेवढेच. पण हातभर अंतरावरून चेंडू त्याच्या काठाला प्रदक्षिणा घालून पलीकडे गेला, तेव्हा तोंडात आलेला जप भाच्याने खोकून झाकला.

कच्च्या खेळाडूला 18 होलांच्या हिशेबातून जास्तीत जास्त 54 फटके वजा करण्याची सूट देतात म्हणे. ती मी अर्ध्या वाटेतच खर्ची घातली.

चहा पिताना साहेबांनी विचारलं, "पुढच्या रविवारी येताय ना?"

मी तोंड उघडायच्या आत भाचा म्हणाला, "मामांचं विमान आहे."

विमान पुढच्या महिन्यात होतं.