मिथेन विषारी नाही म्हणून गोबरगॅसच्या टाकीत उतरायचं?

"गॅस कमी येतोय? टाकीचं झाकण काढा, दोन दिवस हवा लागू द्या, मग आत उतरून गाळ काढा. मिथेन विषारी नसतो. त्याचे बॅक्टेरिया फक्त देशी गाईच्या शेणात असतात." हा फॉरवर्ड आमच्या मामाकडे पोचला आणि मामा शिडी शोधायला लागला, म्हणून लिहितोय.

मिथेन स्वतः विषारी नाही, हे मान्य. पण टाकीत नुसता मिथेन असतो का? तो साधारण ५० ते ७० टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा. हे दोन्ही हवेपेक्षा जड, मिथेन वर निघून गेला तरी हे तळाशी बसून राहतात. वर साय धरलेला शेणकाला शांत दिसतो, पण पाय पडला, फावडं लागलं की आत अडकलेला गॅस एकदम उसळतो. आणि वास येत नाही म्हणजे धोका नाही असं तर अजिबात समजू नका, हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) वर गेला की नाकाला तो कळायचाच बंद होतो, खूप वाढला तर माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथंच पडतो. सेप्टिक टँकच्या बातम्यांत एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन माणसं जातात ती अशीच.

हवेचं म्हणाल तर मिथेन बनवणारे जीव बॅक्टेरिया नाहीतच, आर्किया नावाच्या वेगळ्याच गटातले सूक्ष्मजीव आहेत, कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच हा गट वेगळा दाखवलाय. त्यांना ऑक्सिजन सोसत नाही, मग हवा लावून गॅस वाढेल कसा? शिवाय हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की एक ठिणगी पुरते.

देशी गाईचं तर काहीच्या काही. म्हैस, जर्सी, शेळी, रवंथ करणाऱ्या सगळ्यांच्या पोटात हे असतात, भातखाचरात, वाळवीत, माणसाच्या आतड्यातसुद्धा. लोणार सरोवरातनं पुण्याच्या शास्त्रज्ञांनी मिथॅनोकॅल्क्युलस आणि मिथॅनोक्युलियस हे मिथेन बनवणारे जीव वेगळे काढलेत, २००७ चा पेपर आहे.

थंडीत गॅस कमी होतोच, कारण या जीवांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब लागते. शेण कोमट पाण्यात कालवा, दोन्ही सारखं घ्या. गोठा फिनाईलनं धुतला तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका. गाळ खरंच साचला असेल तर बाहेरूनच पंप लावून काढून घ्या.